बाटली खाली, माणूस वर

मामा बाटली दोन बोटांत धरायचे. मेलेला उंदीर शेपटीनं उचलतात ना, तशी. हात अंगापासून लांब, मान दुसरीकडं, आणि तोंडानं एकच पालुपद : ‘बाटली खाली, माणूस वर. चला भो, भरीत थंड होऊन राहिलं.’

बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याजवळच्या त्या माडीवर ज्यांनी कधी भरीत-पुरी खाल्ली असेल, त्यांना मामा वेगळे सांगायला नकोत. इतरांसाठी सांगतो. खाली साड्यांचं दुकान, त्याच्या कडेनं एक अरुंद जिना आणि वर भोजनालय. जिन्याच्या पायथ्याशी एक लोखंडी खुर्ची, खुर्चीमागं खणाखणांचं लाकडी कपाट, आणि खुर्चीत मामा. भोजनालय त्यांच्या धाकट्या बहिणीचं. नवरा गेल्यावर तिनं ते एकटीनं चालवलं. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणायची, म्हणून तिचा भाऊ साऱ्या गावाचा मामा. त्यांचं खरं नाव मतदार यादीत असेल, मला कधी लागलं नाही.

माझं दुकान बरोबर समोर. मी पाट्या रंगवणारा. आता फ्लेक्स छापतो, पण लोक अजून पेंटरच म्हणतात. आणि लपवून काय करायचं, मी पिणारा. रोज नाही. रविवारी. आणि ज्या दिवशी रविवार नसतो त्या दिवशी कधी कधी.

तर पूर्वी आमच्याकडं प्यायला जागा होती. दारूच्या ठेक्याला लागून अहाता असायचा : पत्र्याचं छप्पर, डुगडुगणारी टेबलं, उकडलेली अंडी. सरकारनं अहाते बंद केले. दारू नाही बंद केली, बसायची जागा बंद केली. पाणी पाजत राहायचं आणि मुतारीला कुलूप लावायचं, त्यातला प्रकार. घरी प्यायची कुणाची छाती नाही, रस्त्यावर प्यावी तर पोलीस. मग माणसं पिशवीत बाटली घालून जेवायला हिंडू लागली. परवाना नसलेल्या हॉटेलात कुणी पिताना सापडला की हॉटेलला सील. काही हॉटेलवाले स्टीलचे पेले पुढं करून डोळे मिटून घ्यायचे. ताईला ते जमणारं नव्हतं. पण पिशवीवाल्या प्रत्येकाला हाकललं असतं तर भरीत खाल्लं कुणी असतं?

वाट काढली मामांनी. ते मूळचे तुकईथडचे, पण सारी उमर इथल्या एका टाकीजच्या सायकल स्टँडवर गेली. टाकीज बंद पडली तेव्हा मालकानं खुर्च्या विकल्या, पडदा विकला. मामांनी फक्त पत्र्याचे बिल्ले घरी आणले. जोडीचे बिल्ले, दोन्हींवर एकच नंबर. एक सायकलच्या हँडलला, एक गिऱ्हाइकाच्या हातात. तेच बिल्ले आता बाटल्यांच्या मानेला लटकू लागले.

सवयीही स्टँडवरच्याच. बाटली घेतली की उजेडाकडं धरून पाहायचे आणि बजावायचे, ‘हवा अर्धीच आहे बरं. मागून भांडायचं नाही.’ बूच दाबून पाहायचे, जसा टायर दाबावा. बिल्ला हरवला तर अर्धा तास चौकशी. सायकल असो की क्वार्टर, बिल्ला नाही तर माल नाही. जेवून खाली आलं की बाटली परत, वर उपदेश फुकट : ‘घरी जाऊन पी. बायकोसमोर पी. मर्द असशील तर.’

त्यांचं नाक म्हणजे एक चीज होती. काळ्या कोल्ड्रिंकमध्ये मिसळलेली रम ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर पकडायचे. एकदा एक गृहस्थ थर्मास घेऊन आले.

‘काय आहे भो यात?’

‘औषध आहे, मामा. काढा.’

‘जेवणाआधी सांगितला का नंतर?’

‘आधी.’

‘मग खाली ठेव. डॉक्टरले मी सांगतो, उशीर झाला म्हणून.’

अन् थर्मासच्या मानेला अकरा नंबर.

हा माणूस स्वतः मात्र आयुष्यात दारूला शिवला नव्हता. दारूच काय, विडी नाही, तंबाखू नाही. आमच्याकडं सोयरिकीची बैठक असली की दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांच्या व्यसनांचा अंदाज घेत बसतात. अशा बैठकीला मामांना मुद्दाम नेत असत. नात्यात नसले तरी नेत. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून मामा पुढच्या रांगेत बसायचे. पानसुपारीचं तबक आलं की तळवा आडवा करायचे आणि म्हणायचे, ‘सुपारीसुद्धा नाही.’ बस. समोरचे खूश. मामांच्या त्या तळव्यावर निदान पंधरा-वीस लग्नं जमली असतील, आणि त्यातले निम्मे नवरदेव पुढं मामांकडंच बाटल्या ठेवायला यायचे. मामांना या कामाचा केवढा अभिमान! ‘परवा लोणीला गेलतो, बैठकीला,’ असं ते कलेक्टरच्या ऑफिसात जाऊन आल्यासारखं सांगायचे.

आता माझा पराक्रम ऐका.

गर्दी वाढली तसं मामांचं बोलून बोलून तोंड दुखायला लागलं. मला म्हणाले, ‘पेंटर, एक पाटी करून दे.’ मजकूर त्यांनीच सांगितला : ‘बाटली खाली ठेवावी. नंतरच वर यावे.’ मी म्हटलं, ‘मामा, हिंदीत पण टाकू का?’ तर म्हणाले, ‘कायले? अठी कुणाले मराठी येत नाही?’ मी पिवळ्यावर लाल अक्षरं काढली. ‘खाली’ जरा ठसठशीत काढलं. सुंदर पाटी झाली होती, माझं मलाच कौतुक वाटलं.

तिसऱ्याच दिवशी खंडव्याकडचे चौघे आले. बरोबर पूर्ण खंबा. मामा मागच्या नळावर गेले होते. चौघांनी पाटी वाचली, आपसांत सल्लामसलत केली आणि जिन्यावरच मांडी घातली. मामा येईपर्यंत सगळं उरकलं होतं. एकानं बाटली अदबीनं मामांच्या हातात दिली. ‘लो दादाजी. खाली.’

‘अरे, ये क्या किया तुमने?’

‘आपने ही तो लिखा है. बोतल खाली रखें, फिर ऊपर आएँ.’

‘अरे बाबा, खाली म्हणजे खाली!’

‘हाँ तो खाली ही है!’ असं म्हणून त्यानं ती उलटी करून दाखवली. थेंब पडला नाही. नियम पाळणारी माणसं.

तेवढ्यावर भागलं असतं तर हसून सोडलं असतं. पण त्यातला एक साड्यांच्या दुकानात शिरला, दारातल्या पुतळ्याला ‘भाभीजी’ म्हणाला आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागला. भाभीजीचा हात निखळला. दुकानदार तोंडानं काही बोलला नाही, पण कुठंतरी अर्ज देऊन आला.

मी पाटी दुरुस्त करायला बसलो. म्हटलं, ‘खाली काढून नीचे लिहू.’ मामा भडकले. ‘नीच कायले लिहितो? गिऱ्हाईक आहे तो आपला!’ शेवटी तोडगा म्हणून मी एक बाण काढला. जिन्याच्या भिंतीवरून निघालेला, बरोबर मामांच्या कपाटापर्यंत जाणारा, लाल, ठळक. बाण इतका झकास झाला की पुढच्या रविवारी दुपारी आबकारीवाले आले तेव्हा त्यांना कुणाला काही विचारावं लागलं नाही.

थंडीचे दिवस. रविवारचं भरीत. वर ताट ठेवायला जागा नाही अशी गर्दी. खाली कपाटात एकोणीस बाटल्या, एकोणीस बिल्ले. त्यातला सात नंबर माझा. बाटली खाली, त्याचा जोडीदार माझ्या खिशात. जीप थांबल्याचा आवाज आला तसे आम्ही जिन्यात येऊन डोकावलो. हाताला भरीत लागलेलं.

साहेब वाईट माणूस नव्हता, हे सांगायला हवं. अर्ज आला, तो तपासायला आला. एका माणसाजवळ किती बाटल्या असाव्यात याचा नियम आहे. एकोणीस माणसांच्या बाटल्या एका माणसानं सांभाळल्या तर काय, याचा नियम कुणी केलेला नाही.

‘ये किसकी हैं?’ त्यानं विचारलं. मामा खुर्चीतून उठले. तो म्हणाला, ‘देखो दादा, होटल की हैं तो होटल सील होगा. ग्राहकों की हैं तो मतलब यहाँ पीना-पिलाना चलता है, तब भी सील. फिर मैं ऊपर जाकर एक-एक का नाम लिखूँगा.’

मामांनी वर पाहिलं. जिन्यात आम्ही सगळे. त्यांना प्रत्येकाचा नंबर तोंडपाठ होता. त्यांची नजर माझ्यावर थांबली का, मला सांगता येणार नाही, कारण मी ताटाकडं पाहत होतो. ताट वर राहिलं होतं आणि मी जिन्यात होतो, म्हणजे नेमका कुठं पाहत होतो देव जाणे.

‘मेरी हैं,’ मामा म्हणाले.

‘सब?’

‘सब.’

‘इतनी?’

‘लागते मले, साहेब.’

‘और ये नंबर?’

मामांनी क्षणभर विचार केला. ‘किस दिन कौनसी पीना, उसका है.’

साहेबाला हसू आवरेना. म्हणाला, ‘मुँह सूँघूँ क्या, दादा?’

‘आज उपास है,’ मामा म्हणाले.

तेवढ्यात ताई झारा घेऊन धावत आली. ‘दादा, काय बोलता हे! सांगा ना त्यांना!’ मामा तिच्यावर खेकसले. मी त्यांना ताईवर खेकसताना पहिल्यांदाच पाहिलं. ‘तू वर जाय आधी. भरीत खाली लागंल.’

आणि जीपमध्ये जाऊन बसले. बाटल्याही त्यांच्याबरोबर गेल्या. आमच्यापैकी एकाच्याही तोंडून ब्र निघाला नाही. खोटं कशाला बोलू, परत वर जाऊन आम्ही उरलेलं भरीत संपवलं.

संध्याकाळी मामा सुटून आले, बाटल्यांचे बिल्ले तेवढे मागून घेऊन. पुढं कोर्टात दंड भरून प्रकरण मिटलं. भोजनालय वाचलं. पण दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. केळीच्या बक्षिसाच्या घडामागं शेतकरी उभा राहतो तसे मामा त्या एकोणीस बाटल्यांमागं उभे. गावात बोभाटा झाला. ‘सुपारीसुद्धा नाही म्हणे! आतून बघा.’ ‘बैठकीला यायचा तेव्हा वास येतच होता मला.’ ज्यांच्या पोरींची लग्नं त्या तळव्यावर जमली होती तेच हे बोलत होते. येणारे-जाणारे जिन्याशी थांबून विचारायचे, ‘मामा, एखादा पव्वा उरलाय का?’ मामा म्हणायचे, ‘नाही भो. सगळ्या प्यालो.’

एक वाक्य पुरलं असतं. सात नंबर माझी. मी बोललो असतो तर तीन नंबर बोलला असता, तेरा नंबर बोलला असता. पण माझ्या थोरलीची सोयरीक शाहपुरला जुळत होती, पुढच्याच रविवारी बैठक होती. सोयरा केळीचा व्यापारी, घर मोठं, माणसं कडक. पिणारा बाप त्यांना चालणार नव्हता. आणि बैठकीला यायचं आमंत्रण मी मामांना महिनाभर आधी दिलेलं होतं.

त्या रविवारी सकाळी गाडी माझ्या दुकानासमोर उभी राहिली. समोर लोखंडी खुर्चीत मामा. अंगात पांढरा सदरा, इस्त्रीच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या. त्यांना न्यायचं नाही असं मला घरातलं कुणी म्हणालं नव्हतं. मीच ठरवलं होतं.

मी रस्ता ओलांडून गेलो. म्हटलं, ‘मामा, गाडीत जरा जागा कमी आहे.’

गाडी सात जणांची होती. आम्ही पाच जण होतो. मामांना ते दिसत होतं.

‘हो, हो,’ ते म्हणाले. ‘दाटी कायले करता? पोरीचा शालू चुरगळंल.’ आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिले. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही, आणि तरी मी गाडी थांबवली नाही.

शाहपुरला पानसुपारीचं तबक फिरत माझ्यापुढं आलं. सोयरा माझ्याकडं टक लावून पाहत होता. मी तळवा आडवा केला आणि म्हणालो, ‘सुपारीसुद्धा नाही.’ सोयरीक जमली.

लग्नाला मामा आले. ताईनं ओढूनच आणलं असणार. मागच्या रांगेत बसले होते. पानसुपारी वाटणारा त्यांच्यापर्यंत पोचला आणि सवयीनं पुढं सरकणार, तर मामांनी हात पुढं केला. एक खांड उचललं आणि तोंडात टाकलं. मी जवळच होतो. माझा चेहरा पाहून म्हणाले, ‘आता काय, पेंटर. नाव तर झालंच आहे.’ दात नव्हते, ते खांड इकडून तिकडं फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘सात नंबर तेवढा आणून दे. जोडी फुटली.’

‘उद्या देतो, मामा,’ मी म्हणालो.

तो उद्या मी आणला नाही. बिल्ला द्यायचा म्हणजे समोर उभं राहायचं, आणि समोर उभं राहिलं की काहीतरी बोलावं लागलं असतं. मग मामांना कावीळ झाली आणि महिनाभरात ते गेले. त्यांच्या काविळीनंही गावाचीच बाजू घेतली. स्मशानात माझ्या शेजारी उभा असलेला एक जण म्हणाला, ‘एवढी ढोसल्यावर लिव्हर जाणारच.’ बोलणारा तेरा नंबर होता. आणि मी लाकडं रचत होतो. तेव्हाही बोललो नाही. आता तुम्हीच काय ते म्हणा मला.

कपाट अजून तिथंच आहे. त्यात लोक हेल्मेट ठेवतात, स्वतःच ठेवतात आणि स्वतःच काढतात. बिल्ले ताईनं एका डब्यात घालून ठेवलेत. पाटी काढली, बाण मात्र भिंतीवरून जात नाही. मी चांगला ऑइलपेंट वापरला होता.

परवाची गोष्ट. व्याही कामासाठी बुऱ्हाणपुरला आले होते. म्हटलं, चला, भरीत खाऊ. वर गेलो, बसलो. समोरच्या भिंतीवर मामांचा हार घातलेला फोटो. व्याह्यांनी तो निरखून पाहिला आणि म्हणाले, ‘हेच ना ते? पेपरात आले होते, बाटल्यांसकट? केवढे प्यायचे म्हणे!’

ताई पुरी वाढत होती. तिचा हात ताटावरच थांबला. इतक्या दिवसांत ती कुणालाच काही बोललेली नाही.

मी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात तो बिल्ला अडकवलेला असतो. तो सोडवला आणि व्याह्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

‘सुपारीसुद्धा नाही,’ मी म्हणालो. ‘यांनी आयुष्यात थेंब घेतला नाही. बाटल्या आमच्या होत्या. ही सात नंबरची माझी. यांनी आमची लाज झाकली आणि आम्ही तशीच झाकू दिली.’ आवाज मोठा निघाला असणार, कारण शेजारच्या दोन टेबलांवरची माणसं वळून पाहू लागली. पोरीचा संसार माझ्या डोळ्यांपुढून गेला, पण आता सांगून झालं होतं. ताईनं पुरी वाढली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

व्याही बराच वेळ बिल्ला उलटसुलट करत राहिले. मग इकडं तिकडं पाहून त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला आणि टेबलाखालून माझ्या गुडघ्याला काहीतरी गार टेकवलं. चपटी होती.

‘बरं झालं बोललात,’ ते कुजबुजले. ‘तुमच्या धाकानं सकाळपासून खिशात घेऊन फिरतोय. तुम्ही सुपारीसुद्धा न खाणारे! कुठं ठेवायची ही?’

‘खाली,’ मी सवयीनं म्हणालो.

ते चपटी घेऊन उठले आणि बाणाबाणानं जिना उतरून गेले. जरा वेळानं तसेच वर आले. चपटी हातातच होती.

‘व्याहीबुवा,’ ते म्हणाले, ‘खाली तर कुणीच नाही.’